एका तापाची अनेक नावे

काही वर्षांपूर्वी तळकोकणातल्या शिक्षकांच्या एका शिबिरात मी सूक्ष्मजीवांविषयी बोलत होतो. बोलणे संपल्यावर मागच्या बाकावरच्या एका बाईंनी विचारले, "आमच्याकडे लावणी आटोपली की दरवर्षी लेप्टोची भीती सुरू होते. उंदीर मारा, असं सगळे सांगतात. मुलं मला विचारतात, बाई, सगळे उंदीर मारले तर लेप्टो जाईल का? मी काय सांगू?"

"नुसते उंदीर मारून भागणार नाही," एवढेच मी त्या वेळी म्हणालो. उत्तर चुकीचे नव्हते, पण त्यातून कोणालाच काही कळले नसणार. का भागणार नाही हे सांगायचे, तर या रोगाचा इतिहासच सांगावा लागतो. तो दवाखान्यात सुरू होत नाही. तो शेताच्या चिखलात सुरू होतो.

शेतकऱ्यांनी ठेवलेली नावे

जपानच्या भातशेती करणाऱ्या खेड्यांत एक जुने दुखणे होते. त्याला लोक 'नानुकायामी' म्हणत. अर्थ सरळ आहे: सात दिवसांचे दुखणे. दुसऱ्या काही भागांत अशाच तापाला 'आकियामी' म्हणजे शरद ऋतूतले दुखणे म्हणत. जर्मनीत पूर ओसरल्यावर शेतात राबणाऱ्यांना येणारा ताप 'चिखलाचा ताप' म्हणून ओळखला जाई. स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या डोंगराळ भागात डुकरे राखणाऱ्या पोरांना होणारा एक आजार होता आणि त्याचे नावच 'डुकरे राखणाऱ्यांचा आजार' असे होते. आपल्या केरळात आजही 'एलिप्पनी' हा शब्द रूढ आहे. एली म्हणजे उंदीर, पनी म्हणजे ताप.

ही नावे जरा शेजारी शेजारी ठेवून पाहा. एकात दुखण्याची मुदत आहे, एकात ऋतू आहे, एकात जागा आहे, एकात माणसाचा धंदा आहे आणि दोहोंत प्राणी आहे. ज्यांनी ही नावे ठेवली त्यांच्यापाशी सूक्ष्मदर्शक नव्हता. पण ताप कुठे येतो, कधी येतो आणि काय करताना येतो, हे त्यांनी नीट पाहिले होते. हे सारे ताप एकाच कुळातले आहेत हे मात्र त्यांना कळणे शक्य नव्हते. ते कळायला पुढे बरीच वर्षे लागली आणि त्या वाटेवर विज्ञानाने काही गोष्टी मिळवल्या, तशा काही हरवल्याही.

वाइल यांची कावीळ

१८८६ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथील डॉक्टर आडोल्फ वाइल यांनी चार रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. एकाएकी चढलेला ताप, कावीळ, सुजलेली पानथरी आणि बिघडलेली मूत्रपिंडे, अशी लक्षणे त्या सर्वांत होती. वर्णन इतके नेमके होते, की लवकरच त्या आजाराला 'वाइलचा रोग' म्हणू लागले.

वैद्यकाच्या दृष्टीने हे मोठे पाऊल होते. पण या नव्या नावात शेत नव्हते, ऋतू नव्हता आणि प्राणीही नव्हता. रोगाची ओळख आता रुग्णाच्या अंथरुणापाशी होणार होती आणि त्या ओळखीची मुख्य खूण होती कावीळ. आज आपल्याला माहीत आहे, की या जिवाणूची लागण झालेल्या बहुतेकांना कावीळ होतच नाही. त्यांना ताप येतो, अंग आणि पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात आणि आठवड्याभरात बरे वाटते. वाइल यांना दिसली ती या रोगाची सर्वांत भयंकर बाजू होती. तीच रोगाची व्याख्या ठरली. या एका गोष्टीने पुढे कितीदा घोटाळा केला, ते आपण पाहणार आहोत.

घोटाळ्याची पहिली नोंद १९०७ सालची आहे. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स येथे पीतज्वराने मेला असे समजलेल्या एका रुग्णाच्या मूत्रपिंडाचे पातळ काप स्टिमसन या संशोधकाने चांदीच्या संयुगाने रंगवून पाहिले. त्यांत मळसूत्रासारखे पिळदार, टोकाला आकडा असलेले जिवाणू दिसले. प्रश्नचिन्हासारखा आकार म्हणून त्यांनी नाव दिले 'इंटरोगान्स', म्हणजे प्रश्न विचारणारा. त्या माणसाला बहुधा पीतज्वर नव्हताच. पण प्रश्न विचारणाऱ्या या जिवाणूकडे त्या वेळी कोणी फारसे लक्ष दिले नाही.

खाणीतले पाणी

उत्तर मिळाले ते जपानमधील क्यूशू बेटावर. तिथल्या कोळशाच्या खाणींतील कामगारांना वाइलचा रोग वारंवार होत असे. क्यूशू विद्यापीठातील र्‍योकिची इनादा, युताका इदो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१४-१५ मध्ये रुग्णांचे रक्त गिनीपिगना टोचले. गिनीपिग आजारी पडले, त्यांना कावीळ झाली आणि त्यांच्या यकृतात तेच पिळदार जिवाणू सापडले. एका गिनीपिगचे रक्त दुसऱ्याला टोचले, की दुसराही आजारी पडे. रोगाचे कारण हाती लागले.

हा जिवाणू इतके दिवस का दिसला नव्हता? तो फारच बारीक आहे. त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतकी असते. नेहमीच्या रंगांनी तो रंगत नाही. काळोख्या पार्श्वभूमीवर बाजूने प्रकाश टाकणारा खास सूक्ष्मदर्शक लागतो. मग तो चमकत्या, वळवळणाऱ्या धाग्यासारखा दिसतो. अंधाऱ्या खोलीत कवडशातले धूलिकण दिसतात, तसाच काहीसा हा प्रकार आहे.

योगायोग असा, की १९१५ मध्येच जर्मन संशोधकांच्या दोन गटांना हाच जिवाणू स्वतंत्रपणे सापडला. त्यांचे रुग्ण होते पहिल्या महायुद्धातील पश्चिम आघाडीवरच्या खंदकांतले सैनिक. खाण आणि खंदक या दोन जागांत काय सारखे आहे, हा प्रश्न वर्गात विचारण्यासारखा आहे. ओल, चिखल, दिवस दिवस पाण्यात भिजलेली माणसाची कातडी आणि उंदीर.

इनादा यांच्या गटाने खाणींकडेही बारकाईने पाहिले. रोग खाणीच्या ओल्या भागांत काम करणाऱ्यांना होत होता आणि साचलेले पाणी उपसून काढले, की त्याला आळा बसत होता. नंतर १९१७ मध्ये इदो आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की शहरातल्या आणि खाणीतल्या कितीतरी धडधाकट उंदरांच्या मूत्रपिंडांत हे जिवाणू असतात आणि मूत्रावाटे बाहेर पडतात. उंदराला त्याचा त्रास होत नाही. जिवाणूला त्याच्या मूत्रपिंडाच्या नलिकांत सुरक्षित घर मिळते. मूत्रातून तो ओल्या मातीत किंवा साचलेल्या गोड्या पाण्यात येतो. तिथे काही आठवडे, अनुकूल ठिकाणी त्याहूनही अधिक काळ तग धरतो आणि माणसाच्या पायाची भेग, खरचटलेली जागा, पाण्याने मऊ झालेली कातडी, डोळे किंवा तोंड यांवाटे आत शिरतो. वाळलेल्या जमिनीत मात्र तो लवकर मरतो.

१९१८ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये काम करणारे जपानी शास्त्रज्ञ हिदेयो नोगुची यांनी या जिवाणूच्या कुळाला 'लेप्टोस्पायरा' हे नाव दिले. लेप्टो म्हणजे बारीक, स्पायरा म्हणजे वेटोळे. पण याच नोगुचींना कावीळ या लक्षणाने चकवले. १९१८ मध्ये ते इक्वेडोरमधील ग्वायाकिल शहरात पीतज्वराच्या अभ्यासासाठी गेले. तिथल्या रुग्णांत त्यांना लेप्टोस्पायरा सापडला आणि पीतज्वराचे कारण हेच, असे त्यांनी जाहीर केले. त्यांच्या हाती आलेले ते रुग्ण बहुधा लेप्टोचेच होते. १९२६ मध्ये मॅक्स थायलर आणि सेलार्ड्स यांनी दाखवून दिले, की नोगुचींचा जिवाणू आणि वाइलच्या रोगाचा जिवाणू यांत फरक करता येत नाही. पीतज्वराचे कारण विषाणू आहे. नोगुची त्याच शोधात आफ्रिकेत गेले आणि १९२८ मध्ये आक्रा येथे पीतज्वरानेच वारले.

एकटा उंदीर नव्हे

आता बाईंच्या प्रश्नाकडे वळण्याची पहिली खूण पाहू. १९१८ मध्येच इदो आणि सहकाऱ्यांनी खेड्यांतल्या 'सात दिवसांच्या दुखण्या'चे कारण शोधले. तोही लेप्टोस्पायराच होता, पण खाणीतल्यापेक्षा वेगळा. एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्यापासून संरक्षण देत नव्हती. आणि त्याचे घर घरउंदराच्या शरीरात नव्हते, तर शेतात बिळे करून राहणाऱ्या एका रानउंदराच्या शरीरात होते. म्हणजे शेतकऱ्यांनी दोन दुखण्यांना वेगळे मानले होते, ते योग्यच होते. आणि शास्त्रज्ञांनी दोन्ही एकाच कुळातली ठरवली, तेही योग्यच होते.

यानंतर यजमान प्राण्यांची रांग वाढतच गेली. १९३० च्या सुमारास हॉलंडमध्ये कुत्र्यात एक वेगळा प्रकार सापडला. १९३५ मध्ये सोव्हिएत संघातील मिखिन आणि अझिनोव यांनी आजारी वासरांमधून लेप्टोस्पायरा मिळवला. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये पोमोना नावाच्या छोट्या गावाजवळ गाईंच्या दूधधंद्यात काम करणाऱ्या एका माणसाच्या रक्तात आणखी एक प्रकार मिळाला आणि १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याला त्या गावाचेच नाव मिळाले. पुढे १९४४ मध्ये स्वित्झर्लंडचे डॉक्टर ओटो ग्सेल यांनी डुकरे राखणाऱ्या पोरांच्या आजाराचा छडा लावला. कारण होते तेच, पोमोना. पोरांना तो डुकरांपासून मिळत होता. पिढ्यान् पिढ्या लोक जे नावातून सांगत आले होते, ते अखेर प्रयोगशाळेत सिद्ध झाले.

क्वीन्सलँडचीच आणखी एक हकिकत सांगायला हवी. १९३४ मध्ये तिथल्या इंगम भागात ऊसतोडणी कामगारांत वाइलच्या रोगाची साथ आली. उसाच्या फडात उंदीर पुष्कळ आणि पाचोळा ओला. कामगारांच्या हातापायांना पात्यांनी सतत चिरा पडत. तोडणीपूर्वी फड जाळावा, म्हणजे उंदीर पळतील, पाचोळा जळेल आणि जमीन सुकेल, अशी मागणी कामगारांनी केली. जळक्या उसाला भाव कमी, म्हणून कारखानदारांचा विरोध. १९३५ मध्ये यावरून मोठा संप झाला. जिवाणूचा प्रश्न हा मजुरीचा आणि बाजारभावाचाही प्रश्न असतो, हे तिथे उघड झाले.

आज लेप्टोस्पायराचे अडीचशेहून अधिक प्रकार माहीत आहेत. ढोबळ मानाने एकेका प्रकाराचे एकेका प्राण्याशी जमलेले असते. काही उंदरांशी, काही गाईगुरांशी, काही डुकरांशी, काही कुत्र्यांशी, तर काही जंगलातल्या लहान सस्तन प्राण्यांशी. पण सीमा पक्क्या नाहीत. शेतात चरणारी गाय उंदराचा जिवाणू घेते, गाईचा जिवाणू धार काढणाऱ्याला मिळतो आणि पुराचे पाणी सगळ्यांचे सगळ्यांना वाटून टाकते.

न्यूझीलंडचे उदाहरण यासाठी बोलके आहे. तिथे हा रोग मुख्यत: गाईंची धार काढणाऱ्यांना होई. धार काढताना मूत्राचे शिंतोडे तोंडावर उडत. तिथे उंदीर मारून काय साधले असते? १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून दुभत्या गाईंना लस टोचायला मोठ्या प्रमाणावर सुरुवात झाली आणि दूधधंद्यातल्या माणसांमधला रोग झपाट्याने घटला. लस गाईला, आराम माणसाला.

अंदमानात हरवलेला रोग

आता आपल्या देशाकडे येऊ. अंदमान म्हटले, की आपल्याला सेल्युलर जेल आठवते. त्या बंदिवानांच्या वसाहतीत तापाने लोक सतत आजारी पडत. त्या काळी बहुतेक ताप मलेरियाच्या खात्यात जमा होत. १९२९ च्या सुमारास टेलर आणि गॉयल या डॉक्टरांनी तिथल्या बंदिवान रुग्णांच्या रक्ताची तपासणी केली, लेप्टोस्पायरा वेगळे काढले आणि १९३१ मध्ये 'अंदमानातील लेप्टोस्पायरोसिस' या विषयावर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. भारतातल्या या रोगाच्या अभ्यासाचा हा पाया आहे.

आणि मग साठ वर्षे जवळजवळ शांतता.

रोग थांबला होता का? तशी काहीच शक्यता नव्हती. स्वातंत्र्यानंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना उत्तर अंदमानात जमिनी देऊन वसवण्यात आले. जंगल तोडून भाताची खाचरे तयार झाली. गुरे आली, डुकरे आली, उंदीर तर होतेच. १९८८ मध्ये तिथल्या दिगलीपूर भागात पावसाळ्याच्या अखेरीस तापाची विचित्र साथ आली. रुग्णांना ताप येई, खोकल्यातून रक्त पडे आणि काही जण थोड्याच दिवसांत दगावत. कावीळ मात्र फारशी दिसत नसे. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. एखाद्या अज्ञात विषाणूचा संशय होता. रोगाला 'अंदमानचा रक्तस्रावी ताप' असे नाव पडले.

१९९३ मध्ये पोर्ट ब्लेअर येथील भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या केंद्रातील एस. सी. सेहगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या रक्तद्रवाची लेप्टोसाठी तपासणी केली. उत्तर होकारार्थी आले. अज्ञात विषाणू नव्हताच. टेलर आणि गॉयल यांनी सहा दशकांपूर्वी याच बेटांवर ओळखलेला तो जुना रोग होता. फक्त या वेळी त्याने यकृताऐवजी फुप्फुसांवर घाला घातला होता.

पुस्तकात लिहिलेली खूण कावीळ होती. कावीळ नाही, म्हणजे वाइलचा रोग नाही, अशी समजूत झाली तर त्यात डॉक्टरांचा दोष किती? पण दिगलीपूरची खाचरे, ऑक्टोबर-नोव्हेंबर महिना, कमरेत वाकून पाण्यात राबणारे शेतकरी आणि बांधावरची गुरे, हे सारे एकत्र पाहिले असते, तर? जपानच्या शेतकऱ्याने या तापाला 'आकियामी' म्हटले असते. १९८८ ते १९९३ या पाच वर्षांत जे दगावले, त्यांच्यातल्या काहींना तरी वेळीच दिलेल्या साध्या पेनिसिलिनने वाचवता आले असते, हा विचार मनातून जात नाही.

पोर्ट ब्लेअरच्या केंद्राने पुढे या बेटांवरच्या आदिवासींचीही तपासणी केली. ग्रेट निकोबारच्या जंगलात शिकार आणि कंदमुळांवर राहणाऱ्या शोंपेन लोकांत या जिवाणूविरुद्धची प्रतिपिंडे मोठ्या प्रमाणात आढळली. तिथे खाचरे नाहीत, गटारे नाहीत. म्हणजे जंगलातल्या प्राण्यांत आणि ओढ्यांत जिवाणूचे चक्र आपले आपण चालू असते आणि माणूस त्यात पाय टाकतो.

याच केंद्राने उत्तर अंदमानात आणखी एक प्रयोग केला. साथीच्या हंगामात काही लोकांना आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक दिले, तर इतरांना जीवनसत्त्वाच्या गोळ्या. २००० साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष विचार करण्यासारखा आहे. डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्यांत आजारी पडणारे कमी झाले, पण लागण होणाऱ्यांचे प्रमाण विशेष घटले नाही. गोळी माणसाला आजारापासून सांभाळते. चिखल आहे तसाच राहतो.

मुलांना काय सांगावे?

अंदमानातला रोग ओळखला गेल्यानंतर भारतभर शोध वाढला. दक्षिण गुजरातेत १९९४ पासून, विशेषत: भात आणि उसाच्या पट्ट्यात, साथी नोंदल्या गेल्या. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्या महापुरानंतर लेप्टोचे रुग्ण मोठ्या संख्येने आले. कोकणातही दर पावसाळ्यात आता आरोग्य खाते सावध असते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे दहा लाख लोकांना हा आजार होतो आणि सुमारे ५९ हजार दगावतात. त्यांतले कित्येक गरीब शेतकरी आणि मजूर असतात.

मग सगळे उंदीर मारले तर लेप्टो जाईल का? बाई, आता मी असे उत्तर देईन. घरातले आणि कणगीतले उंदीर-घुशी कमी करणे चांगलेच. पण जिवाणू गोठ्यातही आहे, कुत्र्यातही असू शकतो आणि रानातही आहे. रानातला प्रत्येक प्राणी मारता येणार नाही आणि मारूही नये. आपल्याला तोडायची आहे ती प्राण्याच्या मूत्रापासून आपल्या जखमेपर्यंतची वाट. गोठ्याचे पाणी विहिरीकडे, वहाळाकडे किंवा अंगणात वाहू न देणे, पायाला चिरा किंवा चिखल्या असतील तर त्या झाकून मगच खाचरात उतरणे, जमेल तिथे गमबूट घालणे, शेतातून आल्यावर स्वच्छ पाण्याने हातपाय धुणे, गुरांच्या लशीबद्दल आणि गाभडणाऱ्या गाईंबद्दल पशुवैद्यकांशी बोलणे, हे सारे त्या वाटेवरचे अडसर आहेत. अर्थात, गमबूट घालून लावणी करणे किती अवघड असते हे ज्याने चिखलात पाय रोवला आहे त्यालाच ठाऊक. म्हणून एकाच उपायावर भिस्त ठेवता येत नाही.

शेवटी, मुलांना एक काम द्या. घरातल्या आजी-आजोबांना विचारून यावे, की लावणीनंतर किंवा कापणीच्या सुमारास येणाऱ्या तापाला पूर्वी आपल्याकडे काय म्हणत, तो कोणाला येई, कुठे काम करणाऱ्याला येई. सगळ्यांची उत्तरे फळ्यावर लिहा आणि गावाच्या नकाशावर मांडा. खाचरे, गोठे, वहाळ आणि ताप कुठे कुठे एकत्र येतात, ते मुलांनाच शोधू द्या.

आणि एक गोष्ट प्रत्येक मुलाने घरी जाऊन सांगायला हवी. पावसाळ्यात ताप आला, अंग आणि पोटऱ्या ठणकू लागल्या, तर अंगावर काढू नये आणि मनाने गोळ्याही घेऊ नयेत. लगेच दवाखान्यात जावे आणि डॉक्टरांनी विचारो वा न विचारो, आपण होऊन सांगावे: "गेल्या पंधरा-वीस दिवसांत मी शेताच्या पाण्यात काम केलं आहे, घरी गुरं आहेत." दवाखान्यात पोचेपर्यंत पाय धुतलेले असतात. चिखल डॉक्टरांना दिसत नाही, तो आपणच सांगावा लागतो.